हेल्मेट घातलेला प्रवेश विभाग

शिकागोच्या दक्षिण भागात चार-पाच मैलांच्या अंतरावर दोन विद्यापीठं आहेत. एकाचं नाव जगाला ठाऊक आहे, शिकागो विद्यापीठ. दुसरं शिकागो स्टेट. त्याचं नाव त्या शहराबाहेर फारसं कुणी घेत नाही. पहिल्याने १९३९ साली आपला फुटबॉल संघ बरखास्त केला. दुसऱ्याने २०२६ च्या मोसमापासून फुटबॉल सुरू करायचं जाहीर केलं आहे. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर चिलखत आणि पायाचा उपयोग मुख्यतः पळायला.)

पहिल्याची गोष्ट प्राध्यापक मंडळींना फार प्रिय आहे. एके काळी शिकागो विद्यापीठ या खेळातलं मातब्बर घराणं होतं. बिग टेन या बड्या विद्यापीठांच्या गटाच्या संस्थापकांत ते होतं. एमॉस अलॉन्झो स्टॅग नावाचे प्रशिक्षक तिथे सलग ४१ वर्षं होते. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी, पुढे हाइझमन नावाने ओळखली गेलेली ट्रॉफी पहिल्यांदा १९३५ साली मिळाली ती याच विद्यापीठाच्या जे बर्वँगर यांना. ती ट्रॉफी पुढे काही वर्षं त्यांच्या नात्यातल्या एका बाईंच्या घरी दार उघडं राहावं म्हणून दाराशी ठेवलेली असे, असं सांगतात. मग उतरती कळा लागली. १९३९ च्या मोसमात मिशिगनने शिकागोला ८५-० असं धुतलं आणि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी मोसम संपताच खेळच बंद केला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच ओस पडलेल्या स्टेडियमच्या प्रेक्षकसज्जाखाली एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुशृंखला अभिक्रिया घडवली. खेळ गेला, विज्ञान आलं! असा दाखला आयता मिळाल्यावर कोणता प्राध्यापक सोडेल? मीही वर्गात कित्येकदा सांगितला आहे.

सांगताना एक गोष्ट मात्र सगळेच गाळतात. शिकागो विद्यापीठाने फुटबॉल परत आणला. आधी हौशी क्लब म्हणून आणि १९६९ पासून रीतसर संघ म्हणून. हा संघ आज कॉलेज खेळांच्या तीन श्रेणींपैकी तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. त्यामुळे विद्यापीठाचं काही वाईट झालं नाही, की काही भलंही झालं नाही. मुलांना खेळायचं होतं, ती खेळतात. बस.

आता शिकागो स्टेट. मुख्यतः कृष्णवर्णीय, नोकरी सांभाळून शिकणारे, बरेचदा वयाने मोठे विद्यार्थी असलेलं हे सरकारी विद्यापीठ. २०१६ साली इलिनॉय राज्याचं अंदाजपत्रक अडकलेलं होतं, तेव्हा इथे पैशांची इतकी टंचाई झाली की सत्र लवकर गुंडाळलं, शेकडो कर्मचाऱ्यांना काढलं आणि कर्मचाऱ्यांना आपापल्या चाव्या परत करायला सांगितल्या. २०१० च्या सुमारास सात हजारांवर असलेली विद्यार्थिसंख्या घसरत घसरत अडीच हजारांच्या आत आली. आणि हे विद्यापीठ आता पहिल्या श्रेणीत फुटबॉल संघ उतरवणार आहे.

हा वेडेपणा आहे का? माझं उत्तर 'बहुधा हो' असं आहे. पण तिथवर सरळ चालत जाता येत नाही, कारण मी स्वतः एकदा याच्या बाजूने हात वर केला होता.

मी मिडवेस्टमधल्या एका छोट्या खाजगी कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. त्याच्यासारखी एवढी कॉलेजं या देशात आहेत की नावाने फरक पडत नाही. लाल विटांच्या इमारती, मध्ये हिरवळ, एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला मक्याची शेतं. हजाराच्या आत विद्यार्थी. एका वसंतात प्राध्यापकांच्या सभेत फुटबॉलचा प्रस्ताव आला आणि प्रशासनाने एकच स्लाइड दाखवली. शंभर मुलं, गुणिले प्रत्येकाकडून हाती येणारं शुल्क.

हे गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे. समजा, कॉलेजची छापील फी वर्षाला ४०,००० डॉलर आहे. ती कुणीच भरत नाही. अमेरिकेतली खाजगी कॉलेजं नव्या विद्यार्थ्याला फीमध्ये सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. आपल्याकडे साडीच्या दुकानात आधी किंमत वाढवून मग सेल लावतात ना, तसंच. म्हणजे हातात पडतात सतरा-अठरा हजार. शंभर मुलं आली की सतरा-अठरा लाख. वर खोलीभाडं आणि खानावळीचे पैसे वेगळे. वसतिगृह अर्धं रिकामं पडलेलं असतं, वर्गात वीसच्या जागी बावीस बसले तरी मास्तरचा पगार तोच. याच्यासमोर खर्च काय? मुख्य प्रशिक्षक, सात-आठ साहाय्यक, हेल्मेट, बस, विमा, आणि कृत्रिम गवताचं मैदान, जे साधारण दहा लाख डॉलरांच्या घरात जातं आणि एखादा माजी विद्यार्थी आपलं नाव लावून घेऊन देतोही. कागदावर पहिल्या वर्षापासून शिल्लक दिसते.

तिसऱ्या श्रेणीत खेळाडूला खेळाची शिष्यवृत्ती देता येत नाही, हा नियम इथे अडचण नसून वरदान ठरतो. मोठ्या विद्यापीठात खेळाडूवर पैसे खर्च होतात, छोट्या कॉलेजात खेळाडू पैसे घेऊन येतो. बाहेरच्या माणसाला हे उमजायला वेळ लागतो. टीव्हीवर दिसणारा लाखभर प्रेक्षकांचा कॉलेज फुटबॉल आणि हा फुटबॉल यांचं नाव एक आहे, धंदा अगदी उलटा आहे. छोट्या कॉलेजातला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेला प्रवेश विभाग. साहाय्यक प्रशिक्षकाचं खरं काम मैदानावर नसतं. तो जुनाट गाडी घेऊन तीन राज्यांतल्या हायस्कुलांच्या जिममध्ये फिरत असतो आणि वर्षाला इतकी मुलं आणायची असं त्याला सांगितलेलं असतं. महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित कॉलेजांत मे-जून महिन्यांत प्राध्यापकांना 'ॲडमिशन आणा' म्हणून गावोगाव पिटाळतात, ते ज्यांनी भोगलं आहे त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे ते काम करणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी असते.

माल आहेही भरपूर. हायस्कूलमध्ये दरवर्षी दहा लाखांच्या आसपास मुलं हा खेळ खेळतात. कॉलेजात त्यांतल्या दहातल्या एकालाही जागा मिळत नाही. बाकीच्यांना अजून चार वर्षं खेळायचं असतं आणि त्यासाठी आईबाप कर्ज काढायला तयार असतात. शिवाय अमेरिकेतल्या पदवी विद्यार्थ्यांत आता मुली साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचल्या आहेत. छोट्या कॉलेजांना मुलगे मिळत नाहीत, आणि एवढ्या घाऊक संख्येने मुलगे आणणारा दुसरा खेळ नाही. त्यात जन्मदराची कुऱ्हाड. या देशात २००७ साली सुमारे ४३ लाख बाळं जन्मली, तो उच्चांक. पुढच्या वर्षी मंदी आली आणि जन्म घटत गेले, ते अलीकडे ३६ लाखांच्या आसपास आहेत. २००७ ची बाळं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. म्हणजे आता प्रत्येक वर्षी अठरा वर्षांची मुलं कमीच होत जाणार, हे कॉलेजांना अठरा वर्षं आधीपासून माहीत होतं.

तर मी ती स्लाइड तपासली, गुणाकार बरोबर होता, आणि हात वर केला. वजाबाकी तपासायचं राहून गेलं. ज्याने वर्षानुवर्षं पोरांना 'गळतीकडे बघा' म्हणून शिकवलं, त्याच्याकडून.

पहिल्या वर्षी प्रवेश खरोखरच वाढले. माझ्या सकाळी आठच्या वर्गात एक लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत धडका देणारा-झेलणारा खेळाडू होता. चांगला एकशे तीस किलोंचा. खुर्चीला जोडलेल्या बाकात तो मावायचा नाही, म्हणून मागे भिंतीला लागून वेगळी खुर्ची टाकून बसायचा. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, वरून स्वयंपाकघरातलं पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलेलं. तास संपेपर्यंत त्याच्या पायाखाली पाण्याचं थारोळं व्हायचं आणि उठताना तो न चुकता स्वतःच्या स्वेटशर्टने ते पुसायचा. अतिशय सभ्य मुलगा. गणितात कच्चा होता, पण प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न बरे असायचे. पहाटे साडेपाचला वजनं उचलून आलेला असायचा. त्याच्या घरातलं कुणीच आधी कॉलेजात गेलेलं नव्हतं. फुटबॉल नसता तर तोही गेला नसता, हे त्याने मला स्वतः सांगितलं.

संघात एकशे दहा मुलं. मैदानावर एका वेळी अकरा. राखीव वगैरे धरून सामन्यात चाळीसेक जणांना वाव मिळाला तर पुष्कळ. उरलेली साठ-सत्तर मुलं शनिवारी स्वच्छ धुतलेल्या जर्सीत उभी राहतात आणि तशाच स्वच्छ जर्सीत परत येतात. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक आणखी पन्नास जण घेऊन आला, कारण त्याच्या नावापुढचा आकडा मुलं टिकवण्याचा नव्हता, आणण्याचा होता. माझा लाइनमन दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गेला. दोन वर्षांत एकही सामना खेळला नाही. डोक्यावरचं कर्ज घेऊन गेला, पदवी न घेता.

हे एका कॉलेजचं दुखणं नाही. फुटबॉल नव्याने सुरू करणाऱ्या कॉलेजांचा जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पद्धतशीर अभ्यास केला आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला प्रवेशांत उसळी येते, पण तशाच इतर कॉलेजांशी तुलना केली तर ती टिकत नाही, असं त्यात दिसलं. शेजारच्या कॉलेजाने नवा संघ काढला की तीच मुलं दोघांत वाटली जातात, हे त्यामागचं साधं कारण असावं असं मला वाटतं. एका गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान चालतं म्हणून पाच निघतात, आणि मग कुणाचंच चालत नाही.

आणि फुटबॉलने कॉलेज वाचतं या समजुतीचं काय करायचं? ओहायोतल्या नोट्रडॅम कॉलेजने (इंडियानातलं प्रसिद्ध नोट्रडॅम वेगळं) २०१० साली फुटबॉल सुरू केला, २०२४ मध्ये ते बंद झालं. दक्षिण कॅरोलायनातल्या लाइमस्टोनने २०१४ साली सुरू केला, २०२५ मध्ये बंद. मिशिगनच्या उत्तर टोकाला फिनलंडहून आलेल्या लोकांनी काढलेली फिनलँडिया युनिव्हर्सिटी होती. तिनेही गेल्या दशकात संघ उभा केला, २०२३ मध्ये बंद. ही कॉलेजं फुटबॉलमुळे बुडाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती आधीच बुडत होती. माझा मुद्दा उलटा आहे. बुडताना त्यांनी जे फळकूट पकडलं, ते तरंगणारं नव्हतं.

बर्मिंगहॅम-सदर्न हे अलाबामातलं जुनं, नामांकित कॉलेज. १९३९ मध्येच, म्हणजे शिकागोच्याच साली, त्याने फुटबॉल सोडला होता. २००६ साली त्याने पहिली श्रेणी सोडून तिसरीत जायचं ठरवलं आणि २००७ मध्ये फुटबॉल परत आणला. त्याच काळात इमारतींसाठी काढलेलं कर्ज आणि शिष्यवृत्तींच्या हिशेबातल्या चुका यांनी तिजोरी पोखरली. ३१ मे २०२४ ला कॉलेजला कुलूप लागलं. त्याच दिवशी त्याचा बेसबॉल संघ ओहायोत राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या गटात खेळत होता. कॉलेज नाही, पण संघ आहे. त्या पोरांकडे बघून देशभर लोक हळहळले. मला मात्र वाटत राहिलं की इथल्या कॉलेजांनी कशाला आधी आणि कशाला नंतर मानलं, त्याची ही इतकी स्वच्छ आकृती पुन्हा मिळणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि ती खरी आहे.

त्याच बर्मिंगहॅम शहरात अलाबामा विद्यापीठाची मोठी सरकारी शाखा आहे, यूएबी. तिच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०१४ मध्ये खेळाडूंच्या बैठकीत जाऊन सांगितलं की फुटबॉल बंद. सल्लागारांचा अहवाल सांगत होता की पुढच्या पाच वर्षांत आणखी सुमारे ५ कोटी डॉलर घालावे लागतील. अध्यक्षांचं गणित चुकीचं नव्हतं. पण शहर खवळलं. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, व्यापारी, नगरपालिका यांनी पैसे उभे करायची हमी दिली आणि जून २०१५ मध्ये निर्णय फिरला. प्रशिक्षक बिल क्लार्क संघ नसतानाही थांबून राहिले. २०१७ मध्ये संघ परतला आणि पहिल्याच मोसमात आठ सामने जिंकला. पुढच्या वर्षी आपल्या गटाचं अजिंक्यपद. मी रूक्ष माणूस आहे, पण ही गोष्ट वाचताना मलाही काहीतरी झालं.

आमच्या गावातही असंच काही लहान प्रमाणात झालं. माझा शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेला यंत्र कारागीर. कॉलेजच्या कुंपणाला लागून चाळीस वर्षं राहिला आणि आत एकदाही पाऊल टाकलं नाही. 'आत माझं काय काम?' म्हणायचा. फुटबॉल सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या थंडीत हा गृहस्थ गुडघ्यावर घोंगडी घेऊन दर शनिवारी पहिल्या रांगेत. बँडमध्ये मोजून तेवीस मुलं, त्यांत दोघी बासरीवाल्या माझ्याच वर्गातल्या. संघ सडकून हरायचा. तरी आठशे माणसं यायची, आणि ती कॉलेजला 'आपलं' म्हणू लागली. हे ताळेबंदात कुठल्या रकान्यात लिहायचं मला माहीत नाही, पण शून्य लिहिणं चुकीचं आहे.

म्हणून मी 'खेळ वाईट, पुस्तकं चांगली' या छापाचा युक्तिवाद करत नाही. तो आळशी युक्तिवाद आहे. माझी कसोटी वेगळी आहे: उद्या कळलं की फुटबॉलमुळे एकही जादा विद्यार्थी येणार नाही आणि एक पैसाही सुटणार नाही, तरी तुम्ही तो चालवाल का? शिकागो विद्यापीठ 'हो' म्हणेल, कारण ते आजही तेच करतंय. बर्मिंगहॅमच्या लोकांनी खिशात हात घालून 'हो' म्हटलं. माझ्या कॉलेजच्या अध्यक्षांना त्या सभेत हा प्रश्न विचारला असता तर ते हसले असते. बँका कर्ज कुणाला देतात, तर ज्याला त्याची गरज नाही त्याला. फुटबॉलचंही तसंच आहे. ज्या कॉलेजला त्याची गरज आहे, त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

थोड्या मोठ्या, म्हणजे पहिल्या श्रेणीत चढू बघणाऱ्या विद्यापीठांचं दुखणं वेगळं. तिथे खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यावी लागते, म्हणजे मुलं पैसे आणत नाहीत, खातात. मग पैसे येतात कुठून? एक वाट म्हणजे मार खाण्याचे पैसे. मोठं विद्यापीठ मोसमाच्या सुरुवातीला सोपा बळी म्हणून लहान संघाला बोलावतं आणि चेक देतं. जॉर्जियातल्या सव्हाना स्टेट या छोट्या कृष्णवर्णीय विद्यापीठाने २०१२ च्या सप्टेंबरमध्ये लागोपाठ दोन आठवडे असा मार खाल्ला. ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-०, मग फ्लोरिडा स्टेटकडून ५५-०, आणि तोही सामना विजा चमकायला लागल्या म्हणून मध्येच थांबवला. दोन्हींचे मिळून ८,६०,००० डॉलर. २०१९ मध्ये त्यांनी मुकाट्याने दुसरी श्रेणी पत्करली, आणि माझ्या मते तो त्यांचा शहाणपणा होता. उलटं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं: १ सप्टेंबर २००७, ॲपलाचियन स्टेटने चार लाख डॉलर घेऊन जाऊन मिशिगनला त्यांच्याच लाखभर प्रेक्षकांसमोर ३४-३२ असं हरवलं. लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, तिकीट घेणाऱ्या बाकीच्यांचा येत नाही.

दुसरी वाट म्हणजे विद्यार्थ्यांचं शुल्क. आणि इथे मराठी घरांचा थेट संबंध येतो. पुण्याहून, नाशिकहून एमएस करायला येणारी कित्येक मुलं अशाच मध्यम सरकारी विद्यापीठांत येतात. त्यांच्या फीच्या बिलात 'जनरल फी' किंवा 'स्टुडंट फी' नावाची एक ओळ असते. बरेचदा त्यातला मोठा वाटा क्रीडा विभागाकडे जातो. बापाने घर तारण ठेवून पाठवलेला पोरगा प्रयोगशाळेत शनिवारची रात्र काढतो आणि पलीकडच्या स्टेडियमच्या दिव्यांचे पैसे भरतो. भरायला हरकत नाही, पण त्याला विचारावं तरी. टेक्ससच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रँड व्हॅलीतल्या विद्यापीठाने निदान तेवढं केलं. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांचं मतदान घेतलं, त्यांनी स्वतःवर वाढीव शुल्क लादून घेतलं, आणि २०२५ मध्ये संघ मैदानात उतरला. सोबत मुलींचा जलतरण संघ आणि बँडही आला. त्या खोऱ्यात शुक्रवारी रात्री हायस्कूल फुटबॉल बघायला गावंच्या गावं लोटतात आणि विद्यापीठात तीस हजारांवर विद्यार्थी आहेत. तिथे भूक आधी होती, ताट नंतर मांडलं गेलं.

त्यात आता खेळाडूंना थेट पैसे द्यायची सोय झाली आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार पहिल्या श्रेणीतलं विद्यापीठ पहिल्या वर्षी आपल्या खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतं. ही वरची मर्यादा आहे, सक्ती नाही. पण शर्यतीत धावायचं तर बाकीचे किती जोरात धावतात ते बघावं लागतंच. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिसने हे वेळीच ओळखलं. मार्च २०२५ मध्ये त्यांचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आला आणि काही दिवसांत विद्यापीठाने जाहीर केलं की आम्ही पहिली श्रेणी सोडून तिसरीत जाणार. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत.

डोक्याला लागणाऱ्या माराबद्दल मी शेवटी लिहितोय, कारण त्यावर गणित चालत नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मृत खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांत मेंदू झिजवणारा सीटीई हा आजार सापडला. हे मेंदू कुटुंबीयांनी शंका आल्यामुळेच दान केलेले होते, त्यामुळे हे प्रमाण सरसकट लावता येत नाही, हे मी संख्याशास्त्राचा मास्तर म्हणून आधी सांगेन. पण एका वसंतात एक मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'सर, डॉक्टरांनी पडद्याकडे बघू नको म्हटलंय, परीक्षा कागदावर देऊ का?' त्याला वाक्य पूर्ण करायला दोनदा थांबावं लागलं. व्यावसायिक खेळाडू कोट्यवधी घेऊन तो धोका पत्करतो. हा फी भरून पत्करत होता. शिक्षणसंस्थेने स्वतःचं अंदाजपत्रक सावरण्यासाठी त्याला तिथे आणावं, हे मला तेव्हापासून पटेनासं झालं. त्याला स्वतःला खेळायचं होतं, हे कबूल. त्याला आम्ही बोलावलं होतं, हेही कबूल करायला हवं.

बंद करणाऱ्यांचंही सगळं छान होतं असं नाही. इंडियानातल्या अर्लम या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) कॉलेजने लागोपाठ ५३ सामने हरल्यावर २०१८ मध्ये संघ थांबवला. त्याने कॉलेज काही श्रीमंत झालं नाही. पण डॅलसमधल्या पॉल क्विन कॉलेजकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. हे छोटं कृष्णवर्णीय कॉलेज मोडकळीला आलं होतं. मायकेल सोरेल अध्यक्ष झाले आणि २००७ मध्ये त्यांनी फुटबॉल बंद केला. आसपासच्या वस्तीत ताजी भाजी मिळायची मारामार, म्हणून २०१० मध्ये त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर शेती सुरू केली. गोलपोस्ट तसेच ठेवले आणि मधोमध पालेभाज्यांचे वाफे. त्या मैदानातली भाजी डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या स्टेडियमच्या मुदपाकखान्यातही गेली. पुढे त्यांनी असा शिरस्ता पाडला की प्रत्येक विद्यार्थ्याने शिकता शिकता काम करायचं आणि फी आटोक्यात ठेवायची. सगळ्यांना जमेल असा हा नमुना नाही. पण 'फुटबॉल नाही तर मग काय?' असं जे विचारतात, त्यांना निदान एकाने उत्तर देऊन दाखवलं आहे.

शिकागो स्टेटकडे परत येतो. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. शिकागोसारख्या फुटबॉलवेड्या शहरात हायस्कूलनंतर पहिल्या श्रेणीत खेळायचं तर पोरांना शहर सोडावं लागतं. त्या भागातल्या मुलांना कॉलेजात आणणारी कुठलीही गोष्ट मी हलकी लेखणार नाही, माझा लाइनमन मला अजून आठवतो. पण पहिल्या श्रेणीचा खर्च आणि अडीच हजारांच्या आतली विद्यार्थिसंख्या यांचा मेळ मला लागत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली असती. प्रशिक्षकाच्या करारात मुलं किती आणली याऐवजी किती पदवीधर झाली त्याचा आकडा घातला असता, आणि आधी विद्यार्थ्यांना मत विचारलं असतं. त्यातल्या अनेकींना पोरं सांभाळून, बस पकडून रात्रीच्या वर्गाला यावं लागतं. त्यांना फुटबॉल हवा आहे की पाळणाघर, हे विचारायला स्टेडियम लागत नाही.

त्यांचा पहिला सामना होईल तेव्हा स्कोअर सगळ्या पेपरांत छापून येईलच. मला दुसरा आकडा हवा आहे. २०२६ च्या ऑगस्टमध्ये जर्सी घालून फोटोला उभ्या राहिलेल्या मुलांपैकी किती जण २०३० च्या मे महिन्यात काळा झगा घालून पदवीच्या मंचावर चढले, तो. तो छापून येणार नाही, मागून घ्यावा लागेल. मी तारीख वहीत लिहून ठेवली आहे.